साठ सालच्या पायरेट्सच्या सह्या गोळा करताना

पिट्सबर्गला येऊन मला बारा वर्षं झाली होती तरी बेसबॉलशी माझा संबंध तेवढ्यापुरताच होता, उन्हाळ्यात ऑफिसातले लोक तिकिटं काढायचे आणि मी सोबत जायचो, पीएनसी पार्कमध्ये, म्हणजे इथल्या पायरेट्स टीमच्या स्टेडियममध्ये बसून नदीपलीकडचं डाउनटाउन बघायचो, खेळ निम्मा कळायचा. सांगलीत वाढलेल्या माणसाच्या डोक्यात क्रिकेट एवढं भरलेलं असतं की दुसऱ्या बॅट-बॉलला जागाच राहत नाही. मग २०१८ च्या ऑक्टोबरमध्ये टीममधला एक जुना सहकारी, वय साठीच्या पुढे, म्हणाला की शनिवारी दुपारी मोकळा असशील तर ओकलंडला ये, एक गोष्ट दाखवायचीये.

ती तारीख होती १३ ऑक्टोबर. ओकलंडमध्ये युनिव्हर्सिटी ऑफ पिट्सबर्गच्या आवारात जुन्या फोर्ब्ज फील्ड स्टेडियमच्या भिंतीचा एक तुकडा अजून उभा आहे, विटांची भिंत, वर वेल चढलेली. स्टेडियम १९७० ला बंद झालं, पुढच्या वर्षी पाडलं, पण भिंत ठेवली, आणि होम प्लेट तर शेजारच्या पोझ्वार हॉलमध्ये जमिनीत काचेखाली बसवलीये. दरवर्षी १३ ऑक्टोबरला लोक तिथं घडीच्या खुर्च्या घेऊन येतात आणि १९६० च्या वर्ल्ड सीरिजच्या, म्हणजे बेसबॉलच्या वार्षिक फायनलच्या, सातव्या आणि शेवटच्या मॅचची रेडिओ कॉमेंट्री अख्खी ऐकतात, वेळ अशी जुळवलेली असते की बरोबर ३ वाजून ३६ मिनिटांनी पायरेट्सच्या बिल माझेरोस्कीचा होम रन यावा, कारण त्या दिवशी तो त्याच वेळी आला होता. स्कोअर ९-९, शेवटच्या इनिंगचा शेवटचा भाग, आणि माझेरोस्कीने बॉल भिंतीपलीकडे घातला, पायरेट्स १०-९ ने जिंकले. समोर न्यूयॉर्क यांकीज होते, त्यांनी त्या सात मॅचमध्ये एकूण ५५ रन काढले होते आणि पायरेट्सनी २७, तरी सीरिज पायरेट्सची. शेवटच्या बॉलवर षटकार मारून वर्ल्ड कप जिंकावा असं काहीतरी समजा, आणि त्याला ५८ वर्षं झाली तरी लोक भिंतीपाशी बसून ऐकतायत आणि डोळे पुसतायत.

तिथंच एका आजोबांनी खिशातून एक कार्ड काढलं. जाड प्लॅस्टिकच्या पाकिटात, माझेरोस्कीचं १९६० चं टॉप्स कंपनीने छापलेलं खेळाडूचं कार्ड, आडवं, एका बाजूला रंगीत चेहरा आणि दुसऱ्या बाजूला छोटा ब्लॅक अँड व्हाइट फोटो, आणि त्यावर निळ्या शाईत सही. मला म्हणाले घे, हातात घेऊन बघ. मी घेतलं आणि मला एकदम बाबांच्या शाळेतल्या वहीचं पान आठवलं, त्यावर चंदू बोर्डेंची सही आहे, बाबांनी पुण्याला मामाकडे गेले असताना मैदानाबाहेर उभं राहून घेतलेली, आणि ते पान आमच्या घरी लोखंडी कपाटात सात-बाराच्या उताऱ्यांसोबत ठेवलेलं असायचं. लहानपणी ते पान हातात मिळायचं ते हात धुऊनच. त्या आजोबांचं कार्ड परत देताना मी ठरवूनच टाकलं होतं की मला हे करायचंय, १९६० च्या टीममधल्या जमतील तेवढ्या खेळाडूंच्या कार्डवरच्या सह्या.

सुरुवात म्हणजे कोरी कार्डं विकत घेणं. लोक धरतात ते व्हिंटेज म्हणजे साधारण १९८० च्या आधीचं, जेव्हा बाजार जवळजवळ एकट्या टॉप्सचा होता. १९६० चा सेट ५७२ कार्डांचा, तेव्हा मुलांना पाच सेंटच्या पाकिटात च्युइंगगमसोबत मिळायचा. मला अख्खा सेट नकोच होता, फक्त पायरेट्स, तेही त्या सीरिजमध्ये असलेले. मी वहीत यादी केली, कोण हयात आहे, कोण गेलं, कोणाचं कार्ड कुठल्या वर्षीचं मिळेल. एक गोष्ट लवकर कळली ती अशी की सहीसाठी कार्ड कोरंकरकरीत असायची गरज नाही. ज्या कार्डाचे कोपरे गोल झालेत, मध्ये एखादी घडी आहे, मागे पोरानं पेन्सिलीनं काहीतरी लिहिलंय, ते दोन-चार डॉलरला मिळतं आणि सहीसाठी एकदम चांगलं. माझं म्हणणं तर असं की वापरलेलंच घ्यावं, कोणीतरी १९६० च्या उन्हाळ्यात ते हाताळलेलं असतं. फक्त जिथं सही येणार तिथं घडी नको आणि मेणाचा डाग नको, शाई पसरते किंवा धरतच नाही. जुन्या कार्डांवर आजच्यासारखी चकचकीत कोटिंग नसते, तो साधा पुठ्ठा, त्यामुळे बॉलपेन आणि शार्पी मार्कर दोन्ही छान बसतात. नव्या चकचकीत कार्डांना सहीआधी बेबी पावडर चोळावी लागते नाहीतर शाईचे थेंब थेंब होतात.

पहिलाच मोठा खर्च मात्र चुकला. रविवारच्या फ्ली मार्केटमध्ये मला मॅनी सँगियेनचं १९७१ चं कार्ड दिसलं, काळी बॉर्डर, फोटोवर झोकदार सही, विकणारा म्हणाला साइन केलेलं आहे, पस्तीस डॉलर. सँगियेन साठच्या टीममधला नाही पण पायरेट्सचा मोठा कॅचर, म्हणजे आपल्या विकेटकीपरसारखा, मी आनंदात घेतलं. घरी येऊन इंटरनेटवर त्याच कार्डाचे फोटो बघतो तर प्रत्येक कार्डावर तीच सही, त्याच जागी, त्याच तिरकसपणे. टॉप्स कित्येक वर्षं कार्डावर सही छापूनच द्यायची, १९५२ ला होती, ५६ ला, ५९ ला, ६७ ला, ७१ ला, ७५ ला. हे सुरुवात करणाऱ्या प्रत्येकाला आधी सांगायला पाहिजे, कार्ड तिरकं धरून उजेडात बघा, खरी शाई कागदाच्या वर वेगळी चमकते, बॉलपेन असेल तर दाबाचा खळगा दिसतो, आणि दुसरं तसंच कार्ड शेजारी ठेवून बघा, मग शंका राहत नाही. १९६० च्या कार्डावर छापील सही नाही, हे माझं नशीब म्हणायचं, कारण वर्ष निवडताना मला हे काहीच माहीत नव्हतं.

आता पोस्टाने सही मागवायची पद्धत. इथं लोक याला टीटीएम म्हणतात, थ्रू द मेल, आणि जुन्या खेळाडूंच्या बाबतीत अजून चालते. मोठ्या पाकिटात पत्र, कार्ड, आणि स्वतःचा पत्ता लिहून तिकीट लावलेलं दुसरं पाकीट घडी घालून. कार्डाच्या दोन्ही बाजूंना पातळ पुठ्ठा. मी शार्पी पाठवत नाही, पाकीट जाड होऊन पोस्टाच्या मशीनमध्ये अडकतं, खेळाडूंकडे स्वतःची पेनं असतात. कार्ड पातळ प्लॅस्टिकच्या पिशवीत घालायचं, तिला पेनी स्लीव्ह म्हणतात, आणि त्यावर छोटी पिवळी चिठ्ठी, नाव घालू नका फक्त सही करा किंवा अमक्या नावाने करा. मी स्वतः नावाने मागतो. बरेच जमवणारे नाव नको म्हणतात कारण विकताना किंमत कमी येते, पण मला विकायचंच नाही, आणि नव्वदीच्या माणसाने कार्डावर माझं परकं मराठी नाव एकेक अक्षर बघून लिहिलंय ही गोष्ट मला सहीइतकीच मोलाची वाटते.

पहिलं पत्र मी व्हर्न लॉ यांना लिहिलं. ते पिचर, म्हणजे आपल्याकडचा बॉलर, १९६० मध्ये त्यांच्या नावावर २० मॅच जिंकलेल्या, सर्वोत्तम पिचरचं साय यंग अवॉर्ड त्यांना मिळालं आणि तेव्हा ते अमेरिकन आणि नॅशनल अशा दोन्ही लीग मिळून एकालाच मिळायचं, वर्ल्ड सीरिजमध्ये दुखऱ्या घोट्यावर पिचिंग करून दोन मॅच जिंकून दिल्या. पत्र दोन पानी झालं होतं, बायकोने वाचलं आणि म्हणाली एवढं लिहिलंस तर वाचून होईपर्यंत सही करायची राहील. मग एक पान केलं. हाताने लिहिलं, टाइप नाही केलं, आम्ही शाळेत पत्रलेखनाच्या मार्कांसाठी जशी समास सोडून पत्रं लिहायचो तसं. लिहिलं की मी भारतातून आलोय, क्रिकेटवर वाढलोय, त्या भिंतीपाशी बसून तुमची मॅच ऐकली, आणि आठव्या इनिंगमध्ये काय काय झालं ते मला आता पाठ आहे. अकरा दिवसांनी माझ्याच अक्षरातलं पाकीट परत आलं. आपलंच अक्षर टपालपेटीत दिसलं की छातीत जे होतं ते सांगता येत नाही, मी गाडीतच बसून उघडलं. निळ्या पेनात, स्वच्छ, एकेक अक्षर वाचता येणारी सही.

तिथून मी दर आठवड्याला एक पत्र असं सुरू केलं, पण यादीतली काही नावं मी मागे ठेवली कारण ती जवळची वाटत होती, केव्हाही जमेल अशी. बॉब फ्रेंड त्यातलेच. पायरेट्ससाठी पंधरा वर्षं पिचिंग केलेला माणूस, कारकिर्दीत १९७ जिंकलेल्या आणि २३० हरलेल्या, कारण बराच काळ टीमच कमजोर होती आणि हे नेटाने टाकत राहिले. खेळ संपल्यावर इथल्याच अ‍ॅलेगेनी काउंटीचे कंट्रोलर, म्हणजे हिशेब तपासणारे अधिकारी म्हणून निवडून आले, म्हणजे आमच्याच गावचे. मी कार्ड घेऊन ठेवलं होतं, पाकिटावर तिकीटसुद्धा लावलेलं, म्हटलं सुट्ट्या होऊन जाऊ देत, मग बर्फ कमी होऊ दे. ३ फेब्रुवारी २०१९ ला ते गेले. ते कार्ड माझ्याकडे तसंच कोरं आहे. त्याच फेब्रुवारीत जो गिबनही गेले. त्यानंतर मी यादी वयाप्रमाणे लावली, जे सगळ्यात म्हातारे त्यांना आधी पत्र, आणि आठवड्याला एक सोडून जमतील तेवढी.

हॅल स्मिथ यांची सही मार्चमध्ये आली. त्या सातव्या मॅचमध्ये आठव्या इनिंगमध्ये तीन रनचा होम रन त्यांनी मारला होता आणि पायरेट्स ९-७ ने पुढे गेले होते, तेवढ्यावर संपलं असतं तर आज भिंतीपाशी लोक त्यांचं नाव घेत असते, पण यांकीजनी नवव्यात बरोबरी केली आणि मग माझेरोस्की आला. मी पत्रात त्यांना तेच लिहिलं की मला तुमचा होम रन ऐकताना अंगावर जास्त काटा आला. जानेवारी २०२० मध्ये ते गेले. बिल व्हर्डन यांची सही थोडी थरथरलेली आली, २०२१ च्या नोव्हेंबरमध्ये ते गेले. त्यांनी मारलेला बॉल उसळून टोनी कुबेकच्या गळ्यावर बसला आणि मॅच फिरली, तो हा व्हर्डन. डिक स्कोफिल्ड यांची आली, ते २०२२ मध्ये गेले. मी ही यादी सांगतोय कारण हे काम करताना कॅलेंडर कसं डोक्यावर बसतं ते त्याशिवाय कळणार नाही. लॉकडाउनच्या काळात मी पत्रं पाठवणं थांबवलं नाही, उलट तेव्हा उत्तरं लवकर यायची, म्हातारी माणसं घरीच होती.

समोरासमोरच्या सह्या वेगळ्या. माझेरोस्की यांची सही मी २०१९ मध्ये कार्ड जमवणाऱ्यांच्या एका शोमध्ये घेतली, शहराबाहेरच्या हॉटेलच्या हॉलमध्ये टेबलं मांडलेली, सहीचं तिकीट आधी काढायचं, रांगेत उभं राहायचं. मी पुस्तकातून इतकं वाचून गेलो होतो आणि समोर उभा राहिल्यावर थँक यू सर एवढंच आलं. २००१ मध्ये हॉल ऑफ फेममध्ये भाषण करताना ते रडू आवरेना म्हणून अर्ध्यात थांबले होते, तो व्हिडिओ मी कितीदातरी पाहिलाय, तसाच साधा अवघडलेला चेहरा. सही झाली आणि मी घाईत कार्ड लगेच पेनी स्लीव्हमध्ये सरकवलं, शार्पी ओली होती, आडनावातला झेड पुसट झाला. एक मिनिट थांबायला हवं होतं. आता मी कार्ड हातात आडवं धरून बाजूला जाऊन उभा राहतो, मागचे लोक काही म्हणोत.

डिक ग्रोट यांना मात्र निवांत भेटलो. १९६० चे नॅशनल लीगचे एमव्हीपी, म्हणजे वर्षातले सर्वात मोलाचे खेळाडू, त्याआधी ड्यूक युनिव्हर्सिटीत बास्केटबॉलचे मोठे स्टार, एनबीएमध्येही खेळले, आणि नंतर कितीतरी वर्षं रेडिओवर पिटच्या, म्हणजे युनिव्हर्सिटी ऑफ पिट्सबर्गच्या बास्केटबॉलची कॉमेंट्री करायचे. लिगोनियरच्या बाजूला त्यांचं स्वतःचं गोल्फ कोर्स होतं आणि तिथं ते लोकांना भेटायचे हे सगळ्यांना माहीत होतं. मी मुलीला घेऊन गेलो, ती तेव्हा नऊ वर्षांची. त्यांनी तिला आधी विचारलं तू काय खेळतेस, मग कार्ड घेतलं, चष्मा लावला, टेबलावर कार्डाखाली मऊ काहीतरी आहे का ते हाताने चाचपून बघितलं आणि मग सही केली. एवढ्या वर्षांत लाखभर सह्या केलेल्या माणसाने हे बघावं हे मला फार आवडलं. २०२३ च्या एप्रिलमध्ये ते गेले तेव्हा मुलगी म्हणाली ते कार्ड दाखव, आणि आम्ही बराच वेळ ते घेऊन बसलो होतो.

आता जे आधीच गेलेत त्यांच्या सह्या. इथं पैसे जातात आणि इथंच फसवणूक होते. डॉन होक हा थर्ड बेसमन, अंगात आग असलेला खेळाडू, १९६९ च्या ९ ऑक्टोबरला हार्ट अटॅकने गेला, वय फक्त ४१, मेहुण्याची चोरीला जाणारी गाडी अडवायला मागे लागला होता आणि त्याच दिवशी त्याला कळलं होतं की पायरेट्सचं मॅनेजरपद आपल्याला मिळालेलं नाही. इतका लवकर गेल्यामुळे त्याच्या सह्या कमी. मला ऑनलाइन एका विक्रेत्याकडे त्याचं सही असलेलं कार्ड मिळालं, १८० डॉलर, सोबत सर्टिफिकेट. ठळक काळ्या शार्पीत. तेव्हा मला भान नव्हतं, पण शार्पी बाजारात आली १९६४ मध्ये, म्हणजे होककडे असायला पाच वर्षं होती खरी, पण त्या काळातल्या ज्या सह्या बघायला मिळतात त्या बहुतेक बॉलपेन नाहीतर फाउंटन पेनच्या. भिंगातून बघितलं तर रेघ सरळ वाहिलेली नव्हती, अक्षर सुरू करताना आणि संपवताना शाईचा ठिपका साचलेला, म्हणजे हळूहळू चित्र काढल्यासारखी काढलेली. माणूस स्वतःची सही करतो तेव्हा पेन कागदावर टेकायच्या आधीच हलत असतं. मी ते तपासायला पाठवलं, नापास होऊन परत आलं, विक्रेत्याने पैसे दिले नाहीत. त्याचं ते सर्टिफिकेट त्याच्याच ओळखीतल्या कोणीतरी छापलेलं होतं.

त्यानंतर मी वाचायला लागलो. नव्वदच्या दशकात एफबीआयने ऑपरेशन बुलपेन नावाची मोठी मोहीम चालवली होती, कॅलिफोर्नियात सह्या बनवणारी टोळी, आणि त्यांनी बनवलेल्या मालात मदर तेरेसांची सही असलेला बेसबॉलसुद्धा होता. टोनी ग्विनसारख्या खेळाडूला स्वतःच्या खोट्या सह्या विकायला ठेवलेल्या दिसल्या होत्या. शिवाय प्रत्येक चुकीची सही टोळीने केलेली असते असंही नाही, जुन्या काळात क्लबहाउसमधली मुलं स्टारच्या नावाने बॉलवर सह्या करून टाकायची, काहींच्या घरी बायको किंवा सेक्रेटरी पत्रांना उत्तर द्यायची. म्हणून आता जो खेळाडू हयात नाही त्याची सही मी पीएसए, जेएसए किंवा बेकेट या सह्या तपासणाऱ्या कंपन्यांपैकी कोणीतरी तपासलेली असेल तरच घेतो, आणि तरीही आधी त्याच्या पाच-दहा खात्रीच्या सह्या बाजूला ठेवून स्वतः बघतो, कारण शेवटी त्यांचंही ते मत असतं, त्या क्षणी ते तिथं उभे नव्हते. तपासायला पाठवायचा खर्च छोट्या नावांसाठी सहीच्या किमतीइतकाच होतो, म्हणून पोस्टाने आलेल्या सह्या मी पाठवत नाही, त्याऐवजी परतीच्या पाकिटावरचा पोस्टाचा शिक्का, पत्राची झेरॉक्स आणि तारीख असं सगळं कार्डासोबत ठेवतो. उद्या मुलीला हे काय आहे ते कळायला तेवढं पुरे.

ठेवण्याबद्दल थोडं, कारण यावर मी एक धडा दुसऱ्याच्या अंगावर शिकलो. ऑफिसातल्या एकाने सही केलेलं कार्ड फ्रेम करून हॉलमध्ये खिडकीसमोर लावलं होतं, चार वर्षांत शार्पीची निळी सही फिकट जांभळी होऊन गेली. उन्हात काही ठेवू नका, काचेला यूव्ही म्हटलेलं असलं तरी. कार्ड पेनी स्लीव्हमध्ये, मग टॉपलोडरमध्ये, म्हणजे तो कडक प्लॅस्टिकचा कव्हर, आणि मग पुठ्ठ्याच्या लांब खोक्यात, कपाटात, तळघरात नाही. इथली तळघरं उन्हाळ्यात दमट होतात, आमच्याकडे तर भिंतीला ओल येते. जुनी मऊ पीव्हीसीची अल्बमची पानं मिळतात ती तर अजिबात वापरू नयेत, शाई प्लॅस्टिकला चिकटून येते.

रोबेर्तो क्लेमेंटेचं कार्ड माझ्याकडे आहे, सही नाही. १९७२ च्या शेवटच्या रात्री भूकंपात सापडलेल्या निकाराग्वाला मदत घेऊन जाताना त्याचं विमान समुद्रात पडलं, वय ३८, खात्यावर बरोबर ३००० हिट. पिट्सबर्गमध्ये स्टेडियमकडे जाणाऱ्या पुलाला त्याचं नाव आहे आणि तो किती जवळचा आहे हे इथल्या म्हाताऱ्यांशी बोलल्याशिवाय कळत नाही. साठच्या त्या कार्डावर टॉप्सने त्याचं नाव बॉब क्लेमेंटे असं छापलंय. त्याला ते आवडायचं नाही, तो प्वेर्तो रिकोचा, रोबेर्तो, पण अमेरिकन लोकांना सोपं जावं म्हणून टॉप्सनं १९५७ पासून १९६९ पर्यंत बॉबच केलं. माझ्या नावाचं इथं ऑफिसात जे झालंय त्यामुळे मला हे कार्ड बघताना दरवेळी टोचतं. तो मात्र सही बहुतेकदा रोबेर्तो क्लेमेंटे अशीच करायचा. तशी सही असलेलं कार्ड हजारो डॉलरच्या घरात जातं आणि त्याच्या नावाने खोट्या सह्याही भरपूर, मी ठरवलंय की घेणार नाही. कोरं कार्ड कोपरे झिजलेलं चाळीसेक डॉलरला घेतलं, ते अल्बमच्या पहिल्या पानावर आहे.

२०२४ च्या जुलैमध्ये नॅशनल हे मोठं कलेक्टर कन्व्हेन्शन क्लीव्हलंडला होतं, आमच्याहून दोन तासांवर, दोन दिवस गेलो. एवढा मोठा हॉल की दुपारपर्यंत पाय बोलायला लागतात. तिथं एका म्हाताऱ्या डीलरकडे खोक्यात जुनी पोस्टकार्डं होती. पन्नास-साठच्या दशकात पोरं खेळाडूंना आधीच तिकीट छापलेली सरकारी पोस्टकार्डं पाठवायची, खेळाडू मागे सही करून टपालात टाकायचा. त्यात होकचं एक होतं, निळ्या बॉलपेनात, मागे पिट्सबर्गचा १९६१ चा शिक्का आणि कुठल्यातरी मुलाचा पत्ता पेन्सिलीत. सही आणि तारीख एकाच कागदावर, आणि जेएसएचं पत्रही सोबत. मी तासभर फिरून परत आलो, पुन्हा बघितलं, आणि घेतलं. आधीच्या १८० पेक्षा महाग पडलं. कार्ड नाहीये ते, पण मी होकच्या कार्डामागे त्याच पानात ठेवलंय. हार्वी हॅडिक्सही तिथंच मिळाला, १९५९ मध्ये बारा इनिंग एकालाही बेसवर येऊ न देता तेराव्यात हरलेला तो पिचर, १९९४ मध्ये गेला, त्याचं सही केलेलं कार्ड पीएसएच्या कडक डबीत होतं.

एल्रॉय फेस यांचं राहिलं सांगायचं. १९५९ मध्ये १८ जिंकल्या आणि फक्त एक हरली, फोर्कबॉल, म्हणजे दोन बोटांत धरून टाकलेला, शेवटी खाली पडणारा बॉल टाकायचे, उंची बेताची, आणि खेळ सोडल्यावर सुतारकाम केलं. माझे आजोबा सुतार. पत्रात मी तेवढी एक ओळ जास्त लिहिली होती. परत आलेल्या पाकिटात मी पाठवलेलं कार्ड सही करून होतंच, शिवाय मी न मागितलेलं दुसरं एक, तेही सही केलेलं. २०२५ च्या फेब्रुवारीत, ९७ व्या वाढदिवसाला आठ दिवस राहिले असताना ते गेले. ते दुसरं कार्ड मी सांगलीला जाताना नेलं, बाबांना दिलं. बाबांनी बघितलं, हा कोण ते विचारलं, मी सगळं सांगितलं, मग त्यांनी कपाट उघडून बोर्डेंच्या पानासोबत ठेवलं. त्या पानासाठी मी एक टॉपलोडर घेऊन गेलो होतो, मोठ्या मापाचा, कडा आता फार मऊ झाल्यात.

सध्या १९७१ च्या टीमला हात घातलाय. ज्या कार्डाने मला पहिल्यांदा चकवलं ते सँगियेनचं काळ्या बॉर्डरचं कार्ड त्यातच येतं. अडचण अशी की त्या वर्षीच्या कार्डांवर छापील सही आधीच आहे, खरी सही तिच्यावर आली तर दोन्ही वाचता येत नाहीत, आणि काळ्या बॉर्डरवर निळी शार्पी दिसतच नाही. म्हणून पिवळ्या चिठ्ठीवर छोटासा बाण काढून फोटोतल्या आकाशाच्या मोकळ्या जागेकडे दाखवतो आणि लिहितो की शक्य असेल तर इथं. मंगळवारी तीन पाकिटं टाकलीत.